मल्हारच्या शाळेबद्दल, जरा उशिराच

ॲलनटाउन, पेनसिल्व्हेनिया
मार्च, रविवार रात्र

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा व्हिडिओ कॉलवर वरणभाताला हात लावण्याआधी मल्हारने कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा असा हात फिरवला आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटला. आई, तू एकदम गप्प झालीस. बाबा म्हणाले, 'नेटवर्क गेलं वाटतं.' नेटवर्क गेलं नव्हतं. ते तुम्हालाही कळत होतं आणि मलाही.

तर सांगूनच टाकते. 'जवळच्या शाळेत जातो' असं ऑगस्टपासून म्हणत आले, ती शाळा कॅथलिक आहे, चर्चच्या आवारातली. जवळ आहे हे खरं, बाकीचं मी मुद्दाम गाळलं. आमच्या भागातल्या सरकारी शाळेत बालवर्ग अर्ध्या दिवसाचा, जेवणाच्या आत पोर घरी. पेनसिल्व्हेनियात सहा वर्षं होईपर्यंत शाळा सक्तीची नाही, मग तक्रार तरी कुणाकडे करणार? आमच्या दोघांच्या नोकऱ्या, आणि ही शाळा तीनपर्यंत सांभाळते. एवढंच कारण. धर्माचा विचार आम्ही केलाच नाही, आणि केला नाही हे सांगायचीच मला लाज वाटली.

तो शिकतो काय, हे आता नीट लिहिते. जेवणाआधी पुटपुटतो ते एवढंच, की देवा, आम्हाला आणि तू दिलेल्या या अन्नाला आशीर्वाद दे. बाबा, आपल्याकडे श्लोक म्हटल्याशिवाय पहिला घास घ्यायचा नाही, त्यातलंच हे. आठवड्यातून एकदा अख्खी शाळा प्रार्थनेला चर्चमध्ये जाते. बालवर्गातल्या प्रत्येकाला आठवीतला एक दादा नाहीतर ताई नेमून दिलेली असते. मल्हारचा दादा सहा फुटी आहे आणि याच्या बुटांच्या नाड्या बांधून देतो. दारातल्या पाण्यात बोट बुडवायचं, बसण्याआधी उजवा गुडघा टेकायचा. गेल्या महिन्यात त्याने आपल्या देव्हाऱ्यापुढे गुडघा टेकला. मी काही बोलले नाही. गणपतीनेही काही मनावर घेतलं नसावं.

मला धास्ती होती ती रांगेत हा एकटा वेगळा पडेल याची. पण कम्युनियन, म्हणजे रांगेत उभं राहून घ्यायचा फादरांच्या हातचा पावाचा प्रसाद, मुलं पहिल्यांदा घेतात ती दुसरीत. बालवर्गातलं कुणीच घेत नाही. सगळी छातीवर हातांची फुली करून जातात आणि फादर आशीर्वाद देतात. दुसरीत वेगळा पडेल, तेव्हाचं तेव्हा बघू. त्याने मात्र मला एकदा अडवलंच, 'आपण रविवारी देवाकडे का जात नाही?' म्हटलं, आपला देव घरातच असतो. तर म्हणे, 'मग त्याला कंटाळा येत नाही का?' याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर कळवा.

१ नोव्हेंबरला सगळ्या संतांचा सण. मुलं एकेक संत होऊन जातात, आपल्या वेशभूषा स्पर्धेसारखी. हा झाला असिसीचा फ्रान्सिस, ज्याने गुब्बियो गावच्या लांडग्याला माणसाळवलं म्हणतात. तपकिरी पंचा गुंडाळला, कमरेला सुतळी. लांडगा नव्हता, म्हणून खेळण्यातला कुत्रा नेला. आई, नाव मल्हार आणि पायाशी कुत्रा! तुला फोटो दाखवायला मी किती तडफडले असेन.

सध्या जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचा एक डबा आहे. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस घरात काहीतरी कमी खायचं आणि वाचलेले पैसे त्यात टाकायचे. 'राइस बोल' म्हणतात. ही रीत १९७५ मध्ये इथंच, आमच्या ॲलनटाउनच्या धर्मप्रांतात सुरू झाली आणि मग देशभर पसरली. शंभरातले पंचाहत्तर बाहेरच्या देशांतल्या गरजूंना जातात, पंचवीस इथल्याच भुकेलेल्यांसाठी राहतात. सुहासने बाहेरची कॉफी सोडली. मल्हारने भेंडी सोडली, लबाड! तुझा वारीवाल्यांसाठी रोज मूठभर तांदूळ बाजूला काढायचा डबा मला आठवला. त्याचं झाकण नीट बसायचं नाही.

अभ्यास म्हणाल तर शंभरपर्यंत आकडे, सुटे आणि दहा-दहाचे. शाळेच्या शंभराव्या दिवशी घरून शंभर वस्तू न्यायच्या होत्या. आम्ही काबुली चणे दिले, दहाच्या दहा पुड्या बांधून. परत आले सत्त्याण्णव. अक्षरं चित्रांवरून नाही, आवाजावरून शिकवतात, ते मला पटलं. छापील कागद फार भरून घेतात, ते अजिबात पटलं नाही.

पण खरी गंमत फेब्रुवारीत झाली. वर्गात लग्न होतं, क्यूचं आणि यूचं. इंग्रजीत क्यू एकटी कुठे जात नाही, पाठोपाठ यू असतोच: क्वीन, क्वाएट, क्विल्ट. पोरांच्या डोक्यात हे पक्कं बसावं म्हणून इथल्या बऱ्याच बालवर्गांत त्यांचं लग्नच लावून देतात. क्यू राणी, म्हणून ती नवरी. अर्धा वर्ग तिच्याकडचा, अर्धा यूकडचा. मल्हार वरपक्षातला, त्यामुळे दिवाळीला तुम्ही पाठवलेला जरीचा कुर्ता घालून, मिरवत. पुठ्ठ्याची दोन अक्षरं धरून दोन मुलं चालत आली. फादर खरेखुरे, झगा घालून आलेले. त्यांनी गंभीरपणे विचारलं, शब्द लहान असो की मोठा, एकमेकांची साथ सोडणार नाही ना? सगळ्या वर्गाने 'नाही!' म्हणून असा गलका केला की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावल्या. मी मागे उभी होते आणि अक्षतांसाठी हात शिवशिवत होता. आई, तू दर कार्तिकात उसाच्या मांडवात तुळशीचं लग्न लावतेस, तुला यात काही वावगं वाटायचं नाही. बाबा, तुम्हाला लगेच इराक आठवेल, त्याच्या इंग्रजी स्पेलिंगात क्यू एकटीच. ते त्याला इतक्यात सांगू नका, नवा संसार आहे.

सोबत एक कार्ड आहे. जानेवारीअखेर कॅथलिक शाळांचा आठवडा असतो, १९७४ पासून देशभर. त्यात एक दिवस आजी-आजोबांचा. बाकीच्यांचे आले, मुलांच्या चिमुकल्या खुर्च्यांवर अवघडून बसले. मल्हारशेजारी तो सहा फुटी दादा बसला. त्या दिवशी त्याने तुमचं चित्र काढलं: बाबांना मिशा, आईला अंबाडा, मागे मेणवलीचा घाट, जो त्याने फक्त फोटोत पाहिलाय. कार्डावर शाळेचं नाव छापलेलं आहे, म्हणून मी ते पोस्टात टाकलंच नाही. दीड महिना फ्रिजवर होतं. तेवढं माफ करा. पुढच्या जानेवारीच्या आधी व्हिसाचं बघू या. थंडी कडक असते, बाबांची कानटोपी आणि आईचा जाड स्वेटर आत्ताच काढून ठेवा.

लग्नाहून येताना गाडीत त्याने विचारलं, 'मराठी अक्षरांची लग्नं होतात का?' मी म्हटलं, आजोबांना विचार, त्यांनी तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत हेच केलंय. त्याला क्ष आणि ज्ञ दाखवलेत. ती दोघं-दोघं आहेत यावर त्याचा विश्वास बसत नाही. येत्या रविवारी तो विचारणार आहे की त्यांच्यातली नवरी कोण. खडू-पाटी घेऊन बसा.

तुमची,
मनू