तिची ‘भौजी’ ही ओळख कापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टोरांटो, न्यू यॉर्क, लंडन इथल्या मराठी घरांत आता त्रिनिदाद, गयाना, जमैकाकडच्या सुना, जावा आणि विहिणीही आहेत. त्यांच्यापैकी एखादी गेली की मराठी वर्तमानपत्रासाठी मजकूर लिहायची वेळ येते आणि हात आपोआप साच्याकडे वळतो : ‘अल्पशा आजाराने निधन झाले. त्यांच्या पश्चात पती, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे.’ त्रिनिदादच्या बाईला हा साचा पुरत नाही. का पुरत नाही, त्यात तिची ‘भौजी’ (थोरल्या भावाची बायको) ही ओळख कशी गळते आणि त्याऐवजी काय लिहावे, एवढ्यासाठीच हे पत्र.

त्रिनिदादमध्ये निधनवार्ता रेडिओवर वाचली जाते आणि घराघरांत कान देऊन ऐकली जाते. तिचा क्रम साधारण ठरलेला असतो. आधी पूर्ण नाव, लगेच घरातले हाकेचे नाव, वय, मग राहण्याचे ठिकाण. गावाकडच्या गल्लीला तिथे ‘ट्रेस’ म्हणतात आणि घर ओळखायला दिव्याच्या खांबाचा नंबर सांगतात. त्यानंतर नाती येतात : कोणाची पत्नी, कोणाची आई, कोणाची आजी, कोणाची बहीण, कोणाची वहिनी किंवा जाऊ, कोणाची मावशी. प्रत्येक नात्यापुढे माणसांची नावे. शेवटी अंत्ययात्रा घरून किती वाजता निघणार आणि दहन कुठे : कॅरोनी नदीकाठी, वॉटरलूच्या किनाऱ्यावर, की मॉस्किटो क्रीकला. हाकेचे नाव गाळले तर शेजारच्या गावाला कळतच नाही की कोण गेले, कारण कागदावरचे नाव बहुतेकांनी कधी ऐकलेलेच नसते. मराठीत मजकूर करताना नेमके हेच नाव पहिल्यांदा गळते.

नावांचे लेखन हा दुसरा खड्डा. 1845 ते 1917 या काळात 1 लाख 40 हजारांहून जास्त माणसे कराराने बांधून भारतातून त्रिनिदादला नेली गेली, त्यातली बहुतेक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातली. कारकुनाने कानाला जसे लागले तसे रोमन अक्षरांत लिहिले आणि पुढे बापाचे पाळण्यातले नाव मुलांचे आडनाव होऊन बसले. ‘सीपरसाद’ला आपण हौसेने ‘श्रीप्रसाद’ करतो, ‘सुकदेओ’ला ‘सुखदेव’. करू नये. दीडशे वर्षे ते नाव त्या घराने ज्या उच्चाराने वागवले, तोच उच्चार देवनागरीत उतरवावा. उच्चाराची खात्री नसेल तर घरच्यांकडून आवाजी संदेश मागवावा. दोन मिनिटांचे काम आहे.

आता ‘पत्नी’ या शब्दाकडे येतो, कारण इथे नुसत्या लेखनाच्या चुकीपेक्षा मोठा अन्याय होऊ शकतो. त्रिनिदादमध्ये हिंदू पद्धतीने लागलेल्या लग्नाला स्वतंत्र कायदेशीर मान्यता मिळाली ती 1945 च्या कायद्याने, 1946 पासून. मुस्लिम लग्नांना ती 1936 मध्ये मिळाली होती. त्याआधी सरकारी नोंदणी वेगळी करावी लागे आणि बहुतेक घरे ती करत नसत. अंगणात बांबूचा मांडव घालून, भटजी बोलावून लग्न लागे. तिकडे त्याला ‘बांबूखालचे लग्न’ म्हणतात. सरकारी दफ्तरात ती बाई अविवाहित आणि तिची मुले अनौरस. त्यामुळे वारसा अडकायचा आणि मुलांच्या जन्मनोंदीत बापाचे नाव लागायला त्रास व्हायचा. म्हणून त्या पिढीतल्या किंवा तिच्या लगेच नंतरच्या बाईबद्दल लिहिताना लग्नाच्या दोन तारखा हाती येऊ शकतात, एक बांबूखालची आणि एक नोंदणीची. मधे दहा वर्षेही गेलेली असतात. दाखल्यावरची तारीख छापली की थोरला मुलगा लग्नाआधीचा ठरतो आणि ऐन दुःखात घरात नको तो गोंधळ उडतो. बांबूखालची तारीख छापा. ती त्या दिवसापासून पत्नी होती.

‘आई’ या शब्दाचेही तेच. कॅनडाने 1955 मध्ये वेस्ट इंडीजमधल्या बायकांना घरकामासाठी आणण्याची योजना काढली. पहिल्या वर्षी 100 जणी आल्या, जमैका आणि बार्बाडोसमधून. अट अशी : वय 18 ते 35, अविवाहित, पदरी मूल नसलेली. वर्षभर दुसऱ्याच्या घरात राबायचे आणि त्या बदल्यात कायमच्या वास्तव्याचा हक्क. पदरी मूल असलेल्या कित्येकींनी ते अर्जात लिहिले नाही, कारण लिहिले असते तर मुलाच्या तोंडात घास घालायची ती वाटच बंद झाली असती. 1970 च्या दशकाच्या शेवटी सात जमैकन मातांना याच कारणाने, म्हणजे येताना मुले जाहीर केली नाहीत म्हणून, देशाबाहेर काढायला निघाले होते. त्याविरुद्ध मोठी चळवळ झाली आणि अखेर त्यांना राहू दिले. तेव्हा अशा बाईच्या जुन्या कागदांत मुलांचा उल्लेख नसला तर तिला मुले नव्हती असे समजू नका. पाच-सहा वर्षे मुले दुसरीकडे वाढली, हे लाजून गाळूही नका. त्या वर्षांत तिने पिंप भरून सामान पाठवलेले असते : तांदूळ, तेल, साबण, शाळेचे बूट. बूट एक माप मोठे, कारण पिंप बोटीने पोचेपर्यंत पाय वाढतो.

मग ती मुले कोणाकडे असत? कधी आजीकडे, आणि पुष्कळदा जावेकडे, नणंदेकडे, वहिनीकडे. म्हणून त्या निधनवार्तेत ‘सिस्टर इन लॉ’ हे नाते भरतीचे नसते. सरकारने जिला पत्नी मानले नाही किंवा जिने स्वतः आई असल्याचे लपवले, तिची खरी साक्ष एका बाईजवळ असते. तिलाच आपण ‘असा परिवार आहे’ मध्ये गुंडाळून टाकतो.

इंग्रजी मजकुरावरून हे नाते मराठीत आणताना चूक होणारच, कारण त्यांचा एक शब्द आणि आपले चार : जाऊ, नणंद, वहिनी, मेहुणी. अंदाजाने ‘वहिनी’ लिहून मोकळे होऊ नये, विचारावे. त्रिनिदादच्या भारतीय घरांत थोरल्या भावाच्या बायकोला ‘भौजी’ म्हणतात आणि सासू सुनेला ‘दुलहिन’ म्हणते. हे शब्द तसेच ठेवावेत, मराठी वाचकाला ते कळतात. ‘आजी’ मात्र फसवा शब्द आहे. तिकडे आजी म्हणजे फक्त वडिलांची आई. आईची आई ‘नानी’. नातवाने ‘माझी आजी’ लिहिले असेल तर ती कोणत्या बाजूची, हे त्यातच सांगितलेले असते.

आणि त्या भौजीला विचारायचे काय? ‘स्वभाव कसा होता’ विचारले की उत्तर येते ‘फार प्रेमळ’, आणि मजकूर तिथेच संपतो. त्याऐवजी हाताचे काम विचारा. ‘ती पेलाऊ छान करायची’ या वाक्याने काही दिसत नाही. पेलाऊ म्हणजे कोंबडी घातलेला भात : दीड किलो कोंबडी, आदल्या रात्री लसूण, थाइम आणि शॅडो बेनी वाटून चोळून ठेवलेली. (शॅडो बेनीला तिथली भारतीय घरे ‘बनधनिया’ म्हणतात, वास कोथिंबिरीचा, पण बराच उग्र.) जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे तेल, त्यावर तीन मोठे चमचे तपकिरी साखर. साखर विरघळते, फेसाळते, गडद होते. फेस काठाकडून काळसर व्हायला लागला की त्याच क्षणी कोंबडी आत. आधी टाकली तर भात गोडूस आणि फिका होतो, चार सेकंद उशीर झाला तर कडवट, आणि मग काही केले तरी कडूपणा जात नाही. त्यावर दोन कप उकडा तांदूळ, एक कप तुरीचे ओले दाणे, एक कप नारळाचे दूध, अडीच कप पाणी. आता वहिनी जर म्हणाली, ‘ती साखरेकडे बघत नसे, वासावर कोंबडी टाकायची’, तर ते वाक्य छापा. अख्खी बाई त्यात उभी राहते.

दुसरा प्रश्न ‘सू-सू’चा. ही त्यांची भिशी; गयानात ‘बॉक्स हँड’, जमैकात ‘पार्टनर’. दहा जणी महिन्याला 200 डॉलर घालतात, दर महिन्याला एकीला 2000 मिळतात. ती रक्कम म्हणजे ‘हँड’. लंडनमध्ये बँका या लोकांना कर्ज देत नव्हत्या तेव्हा याच पैशातून घरांची पहिली रक्कम उभी राहिली. पैसे जिच्याकडे जमा होतात तिच्यावर गल्लीचा विश्वास असतो, आणि ती चालू फेरीत गेली तर घरच्यांनी सर्वांत आधी तिची वही शोधावी. कोणी ‘हँड’ उचलला आणि कोण बाकी, हे तिथेच असते. उचललेल्यांनी भरणे थांबवले तर शेवटच्या दोघी-तिघी बुडतात. वही कुठे आहे हे नवऱ्याला सहसा माहीत नसते, जावेला असते. ‘तीस वर्षे सू-सू चालवली, एकीचाही पैसा बुडला नाही’ ही ओळ कुठल्याही ‘मनमिळाऊ’पेक्षा मोठी आहे.

जमैकाच्या घरांबाबत थोडे. ‘नाइन नाईट’ला मराठीत ‘पार्टी’ लिहू नये. मृत्यूनंतरच्या नवव्या रात्रीचे ते जागरण असते. तळलेले मासे, पाव, रम, भजने आणि गेलेल्या जिवाला निरोप. त्या घरांच्या छापील पुस्तिकेत ‘सूर्योदय’ आणि ‘सूर्यास्त’ अशा दोन तारखा दिसतील. त्या जन्म आणि मृत्यूच्या तारखा; शब्दशः भाषांतर करू नये.

आपल्याकडे आधीच जागा कमी, हे मान्य. तरी निधनवार्तेच्या अर्जात दोन रकाने वाढवावेत अशी विनंती आहे. एक, ‘हाकेचे नाव’. दुसरा, ‘जाऊ / नणंद / वहिनी / मेहुणी : नावासह’, आणि त्याखाली तिने सांगितलेल्या एका वाक्यापुरती, पंचवीस शब्दांची जागा. जागा फारच अपुरी असेल तर ‘अल्पशा आजाराने’ काढा.

आपला,
एक वाचक, टोरांटो