आपली नऊ घरं

पश्या,

दोन वर्षं फोन नाही, मेसेज नाही आणि आता एकदम एवढं लांबलचक, म्हणजे काहीतरी झालंय हे तू ओळखलंच असशील. तब्येत बरी, पित्त सोडून. आई मजेत.

यंदाही मे महिनाभर धारणीकडे आहे, कॉलेजच्या पोरांचं आरोग्य शिबिर सांभाळायला. काम तेच आपलं, फक्त झोळीचा काटा गेला (ज्यातून एक लेकरू थेट तुझ्या डोक्यावर मुतलं होतं), आता कुपोषण बघायला लेकरांच्या दंडाला पट्टी लावतात. साडेबारा सेंटिमीटरच्या वर हिरवा, खाली पिवळा, साडेअकराच्या खाली लाल. लाल निघालं की लगेच आशाताईला सांगायचं.

परवा रात्री फॉर्म चाळत होतो तर एका पोरीच्या वस्तीतले चौदाच्या चौदा आकडे १२.६ ते १३. सगळं हिरवंगार. मेळघाटात, तेही मे महिन्यात! विचारलं तर आधी नाही नाही म्हणाली, मग रडायलाच लागली. सकाळी सगळे तेंदूपत्त्याला गेलेले, घरांना कड्या, वरून हे ऊन, मग मोहाच्या झाडाखाली बसून भरून टाकले. मोहाच्या झाडाखाली, पश्या! मी तिला सगळ्यांसमोर इतकं झापलं, इतकं झापलं की नंतर कोणी जेवायला बोलवायलाही आलं नाही मला.

नऊ घरं होती ना रे आपली? तू अकरा म्हणायचास. तू तयार नव्हतास हे मान्य, त्यावरून परतवाड्यापर्यंत एसटीत माझ्याशी बोलला नाहीस तेही मान्य, पण वजनं मी सांगितली आणि लिहिली तू, मॅडमनी वर अक्षराचं कौतुक केलं, तेव्हा अर्धं पाप तुझं.

काल संध्याकाळी लोक परतल्यावर तिला घेऊन पुन्हा गेलो. चौदातलं एक निघालं ११.२. दीड वर्षाचं, आईच्या कडेवर चक्क हसत होतं. कागदावर १२.८. आई दवाखान्यात जायला तयार नाही, पानांचा हंगाम चार दिवसांचा, पुडे कोण बांधणार? शेवटी सासू म्हणाली मोठ्याला मी बघते, तेव्हा कुठे जीपमध्ये बसली. ही पोरगी रात्री उशिरापर्यंत उरलेल्या घरांतून फिरत होती, मी जा म्हटलं नव्हतं.

आता संस्थेतले म्हणतात तिला घरी पाठव, सर्टिफिकेट देऊ नकोस. शनिवारपर्यंत सांगायचंय. मी कोणत्या तोंडाने सांगू? आपल्यामागे तर कोणी परत मोजायला गेलंच नाही. ती लेकरं आता हिच्याच वयाची असतील.

वहिनींना नमस्कार. पोराचा बारावीचा निकाल काय? फ्लॅटचा ताबा मिळाला का?

आणि ते गाव सेमाडोहच्या अलीकडचं की पलीकडचं? तुझ्याकडे त्या वर्षीची डायरी असेल, तू काही फेकत नाहीस. बघून नाव कळव, शनिवारच्या आत.

तुझाच
बंड्या