बाहुल्याचे माप उंचीवरून ठरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत संग्राह्य बाहुल्यांवर आलेल्या लेखात पुरुष बाहुल्यांच्या वाट्याला जेमतेम चार ओळी आल्या. त्याचे नवल नाही, दुकानांतही त्यांना एखादाच खण मिळतो. पण त्या चार ओळींवर विसंबून कुणी कपडे मागवले तर फसगत नक्की. बाहुल्याला साजेसे कपडे मिळतच नाहीत, असे एक विधान त्यात आहे आणि बारा इंची बाहुल्याला बारा इंची मापाचे काहीही चालते, असे दुसरे. पहिले अर्धेच खरे आहे, दुसरे सपशेल चूक. आणि पहिली तक्रार बहुतेक वेळा दुसऱ्या चुकीतूनच जन्माला येते.

मॅटेल कंपनीचा केन, म्हणजे बार्बीचा मित्र, १९६१ मध्ये आला तो बारा इंची, सडपातळ, अरुंद खांद्यांचा. हॅसब्रो कंपनीचा सैनिक बाहुला जी. आय. जो १९६४ चा. तोही जवळपास तेवढाच उंच, पण २१ हलत्या भागांचा, भरदार छातीचा आणि मोठ्या पंजांचा. एकाचे जाकीट दुसऱ्याला घातले तर खांदे तरी उतरतात, नाहीतर पाठीवर शिवण ताणते. १९६४ मध्येच केनचा मित्र ॲलन आला. केनचे सगळे कपडे याला होतात, असे त्याच्या खोक्यावर छापलेले होते आणि ते खरेही होते, कारण दोघांचे अंग एकच होते. आज खुद्द केनचे कपडे केनला होतील याची खात्री नाही. १९६९ मध्ये त्याचा बांधा बदलून दणकट झाला आणि २०१७ मध्ये फॅशनिस्टा मालिकेत मूळ, सडपातळ आणि रुंद असे तीन बांधे एकाच नावाने निघाले. सडपातळ केनचा शर्ट रुंद केनच्या दंडातच अडकतो.

म्हणून उंची विसरावी आणि सात मापे घ्यावीत: मानेचा घेर, खांद्याच्या टोकापासून टोकापर्यंतची रुंदी, छाती, कंबर, नितंब, खांद्यापासून मनगटापर्यंत बाहीची लांबी आणि जांघेपासून घोट्यापर्यंत पायाची लांबी. बूट घ्यायचे असतील तर तळपायाची लांबी व रुंदी मिलिमीटरमध्ये. शिंप्याची टेप इतक्या लहान अंगाभोवती नीट वळत नाही. पाच मिलिमीटर रुंदीची कागदाची पट्टी गुंडाळून खूण करावी आणि पट्टी सपाट मोजपट्टीवर ठेवावी. वापरलेला कपडा विकत घेताना विक्रेत्याकडून कपडा सपाट पसरून काढलेला, शेजारी मोजपट्टी असलेला फोटो मागावा. सपाट छातीच्या दुपटीतून बाहुल्याची छाती वजा केली की सैलपणा कळतो. एक-सहांश मापाच्या, म्हणजे माणसाच्या सहाव्या हिश्श्याच्या बाहुल्याच्या शर्टाला तो निदान ८ ते १० मिलिमीटर हवा. खांद्याला मात्र सवलत नाही. खांद्याची शिवण तीन मिलिमीटर खाली उतरली तरी माणसाच्या मापात ते जवळजवळ दोन सेंटिमीटर होतात आणि बाहुल्याने थोरल्या भावाचा शर्ट घातल्यासारखा दिसतो.

एक-सहांश मापाच्या ॲक्शन फिगरसाठी (सैनिक, नायक यांच्या हलत्या सांध्यांच्या पुतळ्यांसाठी) निघणारे कपडे फार देखणे असतात. खरे खिसे, खऱ्या चेन, बारीक बकले. ते केनला घालायचा मोह होतो, आणि इथेच दोन खड्डे आहेत. या फिगरचे पंजे मनगटातून निघतात, त्यामुळे बाहीचे तोंड अरुंद ठेवलेले असते. केनचा पंजा निघत नाही, तो त्या कफातून जात नाही. पंजावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून बाही सरकवली तर थोडाफार फरक पडतो, पण कफ घट्टच असेल तर बाहीची खालची शिवण दोन सेंटिमीटर उसवून तिथे बारीक टिचबटण लावणे हाच उपाय. दुसरा खड्डा बुटांचा. अशा अनेक फिगरच्या बुटात पाऊल आधीच बसवलेले असते आणि घोट्याची खुंटी त्यात घुसते. बूट रिकामा दिसला तरी आत पाय घालायला जागा नसते. मागवण्यापूर्वी बूट पोकळ आहे का, एवढा एकच प्रश्न विचारला की काम भागते.

सांधेदार रेझिन (कडक ओतीव प्लॅस्टिक) बाहुल्यांत उंचीचा घोळ आणखी वाढतो. टोनर कंपनीचा मॅट ओ'नील १७ इंचांचा, म्हणजे ४३ सेंटिमीटर. एक-चतुर्थांश मापाचे रेझिनचे मुलगेही ४० ते ४५ सेंटिमीटरचेच. पण मॅट पुरता वाढलेला पुरुष आहे आणि ते बहुधा चणीने किशोर. कपड्यांची अदलाबदल जवळपास अशक्य. ७० सेंटिमीटरच्या बाहुल्याला तान्ह्या बाळाचे कपडे चालतील हा सल्लाही अधूनमधून ऐकू येतो. बाळाचे पोट मोठे, हातपाय आखूड, शिवाय लंगोटासाठी आसनात जागा सोडलेली. त्या विजारीत कुठलाही रुबाब टिकत नाही. सैल विणलेली टोपी किंवा मफलर घ्यावा, पुढे जाऊ नये. रेझिन बाहुल्यांची एक सोय मात्र आहे: डोके, पंजे आणि पावले आतल्या इलॅस्टिकला आकड्याने अडकवलेली असल्यामुळे काढता येतात. अरुंद गळ्याचा स्वेटर डोके काढूनच घालावा, चेहऱ्यावरचा रंग वाचतो. हीच काळजी १९६१ च्या केनची. त्याचे केस चिकटवलेल्या लवेचे होते आणि ओले झाले की झडत. अशा डोक्यावरून कपडा ओढूच नये, पुढून उघडणाराच घ्यावा.

आता जाडीविषयी. माणूस सहापट लहान करता येतो, धागा नाही. जीनचे कापड साधारण पाऊण मिलिमीटर जाड असते. बाहुल्याच्या नजरेने ते साडेचार मिलिमीटर झाले, म्हणजे सतरंजीच. मॅचिंग कापडाच्या ढिगाऱ्यात हात घालण्यापूर्वी हा हिशेब करावा. त्यावर थरांचा हिशेब वेगळा: कापडाचा प्रत्येक थर घेरात त्याच्या जाडीच्या सव्वासहापट भर घालतो. शर्ट ०.२, अस्तराचे जाकीट ०.४ आणि अस्तराचा कोट ०.६ मिलिमीटर धरला तर एकूण १.२ मिलिमीटर जाडीने घेर साडेसात मिलिमीटर वाढतो. तीनही कपडे एकाच मापावर बेतले की कोटाचे बटण लागत नाही. बाहुला जाड दिसण्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते, बिचाऱ्याच्या पोटाचा काही दोष नसतो.

म्हणून शर्टाला मलमल, व्हॉइल, लॉन किंवा जुना मऊ झालेला रुमाल. रुमालाचा तयार काठ शर्टाच्या खालच्या घेराला लावला तर तिथली दुमडही वाचते. जीनच्या जागी पातळ शॅम्ब्रे (जीनसारखे दिसणारे सुती कापड), आणि वापरलेला रंग हवा असेल तर मांडीवर व गुडघ्यावर बारीक पॉलिशपेपर हलकेच फिरवावा. स्वेटरला बारीक विणीचा मोजा: वरची तयार पट्टी गळ्याला येते आणि शिवण एकच पडते. चामड्याला जुन्या हातमोज्याचे अर्ध्या मिलिमीटरचे कातडे. चौकडी घ्यायची तर घर एक ते दोन मिलिमीटरचे, त्याहून मोठे झाले की शर्टाचा टेबलक्लॉथ होतो. बायकी बाहुलीचा टॉप कापून मुलाचा शर्ट करण्याची युक्ती फारशी लाभत नाही. छातीचे टक्स उसवले तरी टाक्यांची भोके राहतात, आणि बटणपट्टी उलटी येते. पुरुषाच्या शर्टात डावी पट्टी उजवीच्या वर असते. ही एक गोष्ट चुकली तरी जाणकाराची नजर तिथेच अडते.

कॉलर जमली की शर्ट जमला, म्हणून तिच्यावर थोडे जास्त लिहितो. माणसाच्या कॉलरचे टोक सात सेंटिमीटर असते, बाहुल्याचे बारा मिलिमीटरच्या आसपास यायला हवे. कॉलरचे तुकडे कापून मग शिवू नयेत, कडा सुटतात आणि हातात काही उरत नाही. कापड दुहेरी घालून त्यावर पेन्सिलीने आकार काढावा, दीड मिलिमीटरच्या टाक्याने रेषेवर शिवावे आणि मग दोन मिलिमीटर मार्जिन ठेवून कापावे. टोकापाशी सुई गरकन वळवली तर उलटल्यावर तिथे गाठोडे होते. कोपऱ्यावर एक तिरपा टाका घालून वळावे, टोकदारपणा त्यानेच येतो. उलटवताना कात्रीचे टोक आत खुपसू नये, कापड फाटते. शिवण्यापूर्वीच कोपऱ्यात दोरा अडकवून त्याची टोके आत ठेवावीत आणि नंतर ती ओढली की कोपरा सुळकन बाहेर येतो. खालचा तुकडा वरच्यापेक्षा अर्धा मिलिमीटर लहान ठेवला तर शिवण खाली वळते, डोकावत नाही. शेवटी इस्त्री, तीही घासून नव्हे, दाबून.

बाकीची शिलाई याच धर्तीची. सुई ६० किंवा ७० नंबरची, मार्जिन तीन ते चार मिलिमीटर, कडांना सुटू न देणाऱ्या द्रवाचा थेंब. तो आधी कापडाच्या कोपऱ्यावर तपासावा, कारण काही कापडांवर त्याचा कायमचा काळपट ओला डाग दिसत राहतो. बाही मुंढ्याला सपाट असतानाच जोडावी, बगल आणि बाहीची शिवण मग एकदम घालावी. गोल झालेल्या मुंढ्यात बाही बसवायला मशीनचा पाय शिरतच नाही. वेल्क्रो जाड असतो, पाठीवर उंचवटा आणतो आणि त्याचे आकडे विणलेल्या कापडाचे धागे उपसतात. टिचबटण किंवा बारीक हूक आणि दोऱ्याचा फास बरा. शर्ट विजारीत खोचल्यावर कमरेला टायर येत असेल तर कमरेखालचा भाग कापून तिथे पातळ ताणणारे कापड जोडावे. टाय खरी गाठ मारून बांधू नये. एकेरी रेशमाची १३ मिलिमीटरची पट्टी आणि गाठीचा तुकडा वेगळा गुंडाळून मागे दोन टाके, एवढे पुरे.

जिथे खरे नुकसान होते ते सांगायचे राहू नये: रंग. गडद कापडाचा रंग व्हिनाइलमध्ये, म्हणजे बाहुल्याच्या मऊ प्लॅस्टिकमध्ये उतरतो, आणि तो पृष्ठभागावर बसत नाही, आत मुरतो. व्हिनाइल मऊ ठेवणारे द्रव्य त्याला आत ओढते. ऊब आणि काळ दोन्ही त्याला मदत करतात. काळी विजार, लाल स्वेटर, निळी जीन हे नेहमीचे आरोपी. कापण्यापूर्वी कापड गरम पाण्यात साबणाने धुवावे, पाणी निवळशंख येईपर्यंत. मग पांढरे ओले फडके त्यावर ठेवून इस्त्री दाबावी. फडक्यावर छटा उमटली तर ते कापड बाहुल्याच्या अंगाला लावू नये. मीठ-व्हिनेगरने सुती कापडाचा रंग पक्का होतो हा नुसता समज आहे. धोका पत्करायचाच असेल तर आतून पांढरे अस्तर लावावे आणि फोटो झाले की कपडा उतरवावा. डाग पडलाच तर काही संग्राहक मुरुमांवरचे १० टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइडचे मलम लावून बाहुला उन्हात ठेवतात. डाग फिकटतो, पण भोवतालचे व्हिनाइलही फिकटू शकते आणि रंगवलेले डोळे-ओठ जाऊ शकतात. रेझिनवर हा प्रयोग नको, ऊन त्याला पिवळे पाडते.

मऊ प्लॅस्टिकचे बूट पायात ठेवून बाहुला वर्षानुवर्षे कपाटात ठेवू नये. त्यातले द्रव्य पाझरून कडक प्लॅस्टिकचा पाय चिकट होतो, वितळल्यासारखा खड्डाही पडतो. पितळी टिचबटण अंगाला टेकून राहिले तर हिरवा डाग येतो, त्याखाली कापडाची चकती शिवावी. फोटोपुरता कपडा मागून चिमट्याने आवळावा, टाचणी व्हिनाइलमध्ये कधीही टोचू नये, भोक बुजत नाही. आणि विजारीची लांबी ठरवायची ती बूट घालूनच.

एक विनंती. पुढच्या वेळी बाहुल्याच्या कपड्यांचा फोटो छापाल तेव्हा खाली 'बारा इंची' एवढेच न लिहिता बाहुल्याचे नाव, साल आणि बांधा छापावा. तेवढ्या तीन शब्दांत तो कपडा आपल्या कपाटातल्या बाहुल्याला होईल की नाही, हे वाचकाला घरबसल्या ठरवता येईल.

आपले,
बाहुल्यांचे कपडे शिवणारे व जमवणारे काही वाचक