परदेशी कोठडीतल्या माजी सैनिकाला पहिल्याच आठवड्यात वकील मिळावा

माननीय डॉ. एस. जयशंकर,
परराष्ट्रमंत्री, भारत सरकार

सविनय नमस्कार.

आपण गुजरातमधून राज्यसभेवर गेला आहात, म्हणून बडोद्याहून हे पत्र थेट आपल्यालाच लिहीत आहोत. आमच्या शहरात सैन्याचे ईएमई (विद्युत व यांत्रिकी अभियांत्रिकी) स्कूल आहे. रडार, तोफा, बिनतारी यंत्रे दुरुस्त करायला तिथे शिकलेले जवान देशभर नोकरी करतात, चाळिशीत पेन्शनवर घरी येतात आणि मुलांची शिक्षणे अजून बाकी असतात म्हणून आखातात तेच काम शोधतात. बायोडेटातली ‘रडार मेकॅनिक, वीस वर्षे’ ही ओळ त्यांना नोकरी मिळवून देते. पुढे कंपनीवर धाड पडली, तर तपास अधिकाऱ्याला हेरगिरीचा संशय घ्यायला तीच ओळ पुरते. मोबाईलमध्ये जुन्या युनिटचा व्हॉट्सअॅप ग्रुप आणि वर्दीतले फोटो असतातच.

कतारचे प्रकरण आपल्या मंत्रालयाने हाताळले. नौदलाच्या 8 निवृत्त लोकांना दोह्यात ऑगस्ट 2022 मध्ये उचलले, 26 ऑक्टोबर 2023 रोजी फाशी सुनावली, 28 डिसेंबरला ती अपिलात रद्द होऊन तुरुंगवासावर आली आणि फेब्रुवारी 2024 मध्ये सुटका झाली. 7 जण लगेच मायदेशी परतले. या यशाबद्दल आम्ही मंत्रालयाचे मनापासून आभारी आहोत. पण आरोप नेमका काय होता, हे ना त्यांच्या सरकारने उघड केले ना आपल्या. आणि ती सुटका अमीरांच्या, म्हणजे कतारच्या राज्यकर्त्यांच्या, निर्णयाने झाली. उद्या एखाद्या गोदामातून एकटा निवृत्त हवालदार उचलला गेला, तर त्याच्यासाठी अमीरांकडे शब्द कोण टाकणार? त्याला कायद्याच्याच वाटेने सुटावे लागेल, आणि ती वाट पहिल्या आठ-दहा दिवसांतच बंद होते.

ती कशी बंद होते, ते सांगतो. वकिलातींच्या कामाविषयीच्या 1963 च्या व्हिएन्ना कराराच्या कलम 36 प्रमाणे अटक झालेल्या परदेशी माणसाला त्याचे हक्क सांगायचे असतात आणि त्याने मागणी केली तर त्याच्या देशाच्या वकिलातीला (दूतावासाला) विनाविलंब कळवायचे असते. ‘त्याने मागणी केली तर’ या तीन-चार शब्दांत सगळे अडकते. हक्क आहे हे कोणी सांगितले नाही, तर माणूस मागणी करत नाही. मग अरबीत लिहिलेला जबाब पुढे येतो, दुभाषा दोन वाक्यांत सार सांगतो आणि थकलेला माणूस सही करतो. वकील येतो तेव्हा तो जबाब फाईलमध्ये लागलेला असतो आणि पुढचा सगळा खटला तो खोडण्यात जातो.

‘विनाविलंब’ म्हणजे किती तास, हे करारात लिहिलेले नाही. कुलभूषण जाधव यांना 3 मार्च 2016 रोजी पकडले आणि पाकिस्तानने ते भारताला तीन आठवड्यांनी कळवले. हा कराराचा भंग आहे, असा निवाडा आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 17 जुलै 2019 रोजी 15 विरुद्ध 1 मतांनी दिला. खटला आपण जिंकला आहे. मग तोच निवाडा आखाती देशांशी बोलताना पुढे ठेवून ‘48 तास’ असा आकडा द्विपक्षीय करारांत लिहून घ्यावा. शिवाय परदेशी निघालेल्या प्रत्येक माजी सैनिकाला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने मराठी, गुजराती, हिंदीतले एक पान द्यावे. त्यावर एक अरबी वाक्य देवनागरीत असावे: ‘उरीद अल-इत्तिसाल बि-सिफारत अल-हिंद’. मला भारतीय दूतावासाशी संपर्क साधायचा आहे. कवायतीच्या हुकमासारखे ते तोंडपाठ असले पाहिजे.

या लोकांची यादीही सरकारकडे नाही. बहुतेक माजी सैनिक दहावी पास असतात, म्हणून त्यांच्या पासपोर्टवर एमिग्रेशन तपासणीची, म्हणजे कामाला जाण्याआधी सरकारी मंजुरी घेण्याची, अट नसते. ते ई-मायग्रेटमध्ये, म्हणजे परदेशी जाणाऱ्या कामगारांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत, दिसत नाहीत आणि अशा कामगारांच्या विम्याच्या प्रवासी भारतीय बीमा योजनेतूनही निसटतात. त्या योजनेत कायदेशीर खर्चाला 45,000 रुपयांपर्यंत मदत आहे. रक्कम लहान आहे, पण वकिलाला पहिल्या दिवशी उभे करायला तेवढाही आधार होतो. माजी सैनिकांना ऐच्छिक हप्त्यावर ही योजना खुली करावी. दूतावासांकडच्या भारतीय समुदाय कल्याण निधीतूनही वकील मिळतो, मात्र आर्थिक स्थिती तपासून. ती तपासताना निवृत्तीची एकरकमी रक्कम मोजू नये, ती बहुधा घरात किंवा मुलीच्या लग्नात गेलेली असते.

कागदपत्रांचा घोळ वेगळाच. पत्नीला इथून मुखत्यारपत्र पाठवायचे तर आधी नोटरी, मग राज्य सरकारचा शिक्का, मग आपले मंत्रालय, मग त्या देशाचा दिल्लीतला दूतावास, शेवटी अरबी भाषांतर. कतार आणि अमिराती अपोस्टिल करारात (एकाच शिक्क्यावर परदेशी कागद मान्य करण्याच्या करारात) नाहीत, म्हणून ही साखळी टळत नाही. यात आठवडे जातात आणि अपिलाची मुदत दिवसांत मोजली जाते. वकीलपत्रावर तर आरोपीचीच सही लागते, म्हणून वकिलातीच्या अधिकाऱ्याने पहिल्या भेटीला जातानाच तो कोरा फॉर्म सोबत न्यावा. दुसरी भेट कधी मिळेल, हे त्याच्या हातात नसते.

एक गोष्ट आपल्या घरचीही सांगायला हवी. ऑक्टोबर 2013 मध्ये ‘सीमन गार्ड ओहायो’ हे जहाज तुतिकोरिनला आणले. त्यावर 6 ब्रिटिश माजी सैनिक सुरक्षारक्षक होते. जानेवारी 2016 मध्ये त्यांना 5 वर्षांची शिक्षा झाली आणि नोव्हेंबर 2017 मध्ये मदुराई खंडपीठाने निर्दोष सोडले. त्या घरांनी चार वर्षे वाट पाहिली, याचे आम्हाला दुःखच आहे. पण आरोप शस्त्र कायद्याखालचा होता, तो सगळ्यांना वाचता येत होता, म्हणून वरच्या कोर्टात खोडता आला. आपल्या माणसांसाठी आपण निदान एवढे तरी मागावे: लेखी आरोपपत्र आणि त्याची एक प्रत घरच्यांच्या हाती.

शेवटची मागणी लहान आहे, तिला खर्च नाही. पेन्शनधारकाला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. कोठडीतल्या माणसाचा अंगठा ‘स्पर्श’ या सैनिकी पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीपर्यंत पोहोचत नाही, मुदत टळते, पेन्शन थांबते. वकिलाची फी त्याच पेन्शनमधून चाललेली असते. भारतीय वकिलातीच्या अधिकाऱ्याची सही या दाखल्यावर चालते. तुरुंगभेटीच्या यादीत हयातीच्या दाखल्याचा फॉर्म घालण्याची सूचना आपण सर्व दूतावासांना करावी, आणि ती येत्या नोव्हेंबरच्या आत निघावी.

आपले नम्र,
बडोद्यातील काही माजी सैनिक आणि वकील