आमच्या बाबांना सबटायटल वाचून दाखवणाऱ्या मुलाला

अरे, तू रोज रात्री नऊला वरून खाली यायचास त्याला महिना होत आला आणि मी तुला अजून नीट थँक्यू पण म्हटलं नाही, समोर आलास की "चहा घेतोस का" एवढंच तोंडातून निघतं, म्हणून हे लिहितेय.

बाबांनी इथे नाशकात 27 वर्षं सिंगल स्क्रीनला प्रोजेक्टर चालवला. डोळ्याच्या पडद्याला सूज आल्यापासून त्यांना सबटायटल दिसेनात, इंग्रजी भरभर असतं ते कळत नाही, म्हणून 'द ऑफर' लावून दिली तर दहा मिनिटांत बंद कर म्हणाले. 'गॉडफादर' कसा बनला त्याची सिरीज, बाबांनी तो पिक्चर स्वतःच्या हाताने मॅटिनीला चालवलेला, मला फार वाईट वाटलं रे.

आणि तू दहाच्या दहा एपिसोड मराठीत सांगितलेस! पॅरामाउंट स्टुडिओला हिरो म्हणून ब्रँडो नको होता, पचिनो तर अजिबातच नको, हे इतक्या तावातावाने की आई पोळ्या टाकून बाहेर आली. माफियाचा बॉस जो कोलंबो, त्याच्याशी बोलणी होऊन स्क्रिप्टमधून 'माफिया' शब्द काढतात ते बाबांनी दोनदा मागे घ्यायला लावलं, तू कंटाळला नाहीस. (प्रोड्यूसर रुडीच्या आठवणींवर बेतलीय म्हणून तोच सगळीकडे बरोबर दिसतो, हे तुझं पटलं मला.)

पण खरं थँक्यू त्या एका पॉजसाठी. पिक्चर फार काळोखा दिसतो असा विषय निघाला आणि तू थांबवून विचारलंस, "आजोबा, थेटरात कसं दिसायचं हो?" मग बाबा सांगायला लागले: ब्रँडोचे डोळेच दिसेनात म्हणून खालून पब्लिक ओरडायला लागली, बाबांना वाटलं प्रोजेक्टरच्या दिव्यात जळणारा कार्बन संपत आला, नॉब फिरवून कार्बनच्या काड्या पुढे सरकवल्या तरी काळोख तसाच, मग कळलं की कॅमेरामन गॉर्डन विलिसने लाइटच वरून टाकलाय, डोळे मुद्दाम अंधारात ठेवलेत. सांगताना त्यांचा उजवा हात हवेत तो नॉब फिरवत होता. एवढ्या वर्षांत आम्ही कोणी हे विचारलंच नव्हतं.

आता त्यांचं एकच चाललंय, विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून विलायतेला गेलेल्या आपल्या त्र्यंबकच्या फाळक्यांवर अशी दहा भागांची सिरीज हवी. परवा डोळ्यात इंजेक्शन आहे, ते झालं की रविवारी तुला पांडवलेण्याखालच्या फाळके स्मारकात न्यायचं म्हणतात. कॉलेजला सुट्टी असेल ना? गाडी मी काढते.

तुझी,
खालच्या मजल्यावरची ताई