फाफ्साच्या त्या वर्षासाठी, ताई, मनापासून आभार

ताई, नमस्कार.

आपल्या राज्याच्या फायनान्शियल एड असोसिएशनच्या मीटिंगमध्ये मी तुम्हाला सगळ्यांसारखी नावानेच हाक मारते, इथे तसंच चालतं, पण हे पत्र मराठीत लिहितेय त्यामुळे ताईच म्हणणार. तुमची प्रेसिडेंट-इलेक्ट, प्रेसिडेंट आणि पास्ट प्रेसिडेंट अशी तिन्ही वर्षं जून २०२५ मध्ये संपली, नव्या बोर्डाने काम हातात घेतलं, आणि निरोपाच्या लंचला मी जी दोन-चार वाक्यं कशीबशी बोलले त्यात मला जे म्हणायचं होतं त्यातलं काहीच आलं नाही. म्हणून इथे लिहितेय, सगळ्यांना वाचता येईल असं, कारण तुम्ही नेमकं काय केलंत हे आपल्या मराठी लोकांपैकी फार थोड्यांना माहितीये आणि ते माहिती असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. अमेरिकेत कॉलेजच्या फीसाठी सरकारी मदत हवी असेल, ग्रँट असो, लोन असो की वर्क-स्टडी म्हणजे शिकता शिकता करायचं कॅम्पसवरचं काम, तर फाफ्सा नावाचा फॉर्म भरावा लागतो. १९६५ च्या हायर एज्युकेशन ॲक्टपासून ही सगळी व्यवस्था उभी राहिली, आणि ती चालवणारे आम्ही लोक प्रत्येक कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसात बसतो. आमची देशपातळीवरची संघटना म्हणजे नॅस्फा, १९६६ पासूनची, मग विभागवार संघटना आणि मग जवळपास प्रत्येक राज्याची आपली एक. राज्याच्या संघटनेच्या प्रेसिडेंटला पगार नसतो. दिवसभर स्वतःच्या कॉलेजात डायरेक्टरचं काम करायचं आणि संध्याकाळी, शनिवार-रविवारी संघटनेचं, म्हणजे बोर्ड मीटिंग, बजेट, कमिट्यांवर माणसं शोधून बसवणं, नवीन लोकांचं ट्रेनिंग, कॉन्फरन्सच्या हॉटेलशी करार, राज्याच्या ग्रँटवाल्या एजन्सीशी बोलणी, आमदारांच्या ऑफिसात निवेदनं. लग्नघरात एक काकू असते ना, जिला कुठलं भांडं कुठे आहे ते माहीत असतं आणि जिचं जेवण सगळ्यात शेवटी होतं, तसं ते पद आहे.

आणि तुमच्या वाट्याला वर्ष कुठलं यावं तर २०२३-२४!

काँग्रेसने डिसेंबर २०२० मध्ये फाफ्सा सोपा करायचा कायदा केला होता. कल्पना चांगलीच होती, शंभराच्या वर प्रश्न होते ते बऱ्याच मुलांसाठी खूप कमी होणार, इन्कमची माहिती थेट टॅक्सवाल्यांकडून म्हणजे आयआरएसकडून येणार, घर किती पैसे भरू शकेल याचा जुना आकडा ईएफसी जाऊन एसएआय येणार जो शून्याच्या खाली उणे १,५०० पर्यंत जाऊ शकतो, आणि जास्त मुलांना पेल ग्रँट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना मिळणारी, परत न करायची सरकारी मदत, मिळणार. पण फॉर्म एरवी १ ऑक्टोबरला उघडतो तो उघडला ३० डिसेंबर २०२३ ला, तोही थोडा वेळ चालू, मग बंद, मग परत चालू. मग कळलं की फॉर्म्युल्यात महागाईचा हिशेब धरलेलाच नाही, तो दुरुस्त करायचा तर कॉलेजांकडे मुलांची माहिती जाणार मार्चमध्ये. म्हणजे ज्या आयसर फाइल्सवरून आम्ही मुलांना किती पैसे मिळतील ते सांगतो त्या एरवी हिवाळ्यातच हातात असतात, त्या मार्चच्या मध्यापर्यंत नव्हत्याच, आणि आल्या त्यातही चुका, २२ मार्चला तर एज्युकेशन डिपार्टमेंटने स्वतःच सांगितलं की लाखोंमध्ये हिशेब चुकलाय. इकडे १ मे ही मुलांनी कॉलेज नक्की करायची तारीख डोक्यावर.

मी एका छोट्या कम्युनिटी कॉलेजात काम करते, तुम्हाला माहितीच आहे, पण इतरांसाठी लिहितेय. आमच्यासारख्या ऑफिसात मोजकीच माणसं, काही ठिकाणी तर एकच, तीच फोन उचलते, तीच फाइल तपासते, तीच रडणाऱ्या पोराला टिश्यू देते. मोठ्या युनिव्हर्सिटीकडे सिस्टीमवाली टीम असते, वकील असतो, कन्सल्टंट असतो. आमच्याकडे तुम्ही होतात. हे मी अजिबात वाढवून सांगत नाहीये.

तुम्ही दर आठवड्याला संध्याकाळी झूमवर बसायला लागलात आणि पहिल्याच दिवशी एक पद्धत घालून दिलीत, की स्क्रीनवर तीन रकाने, पहिल्यात डिपार्टमेंटने लेखी सांगितलेलं, दुसऱ्यात कॉलेजांनी प्रत्यक्ष पाहिलेलं आणि तिसऱ्यात अजून कुणालाच माहीत नसलेलं. कुणी "असं ऐकलंय की" म्हणून सुरू केलं की तुम्ही शांतपणे विचारायचात, कुठे लिहिलंय, लिंक टाका. तो तिसरा रकाना बघून मला किती धीर यायचा ते कसं सांगू. तोपर्यंत मला वाटत होतं की बाकी सगळ्यांना समजलंय, मलाच कळत नाहीये. आणि दुसऱ्या दिवशी काउंटरवर उभ्या असलेल्या आईबापांना "हे अजून कुणालाच माहीत नाही, माहीत झालं की मी स्वतः तुम्हाला फोन करेन" असं मान वर करून सांगता यायचं, कारण राज्यातलं प्रत्येक कॉलेज त्या दिवशी तेच सांगत होतं. त्या आईबापांना तीन कॉलेजांतून तीन वेगळी उत्तरं मिळाली नाहीत ही केवढी मोठी गोष्ट आहे!

दुसरी गोष्ट १ मे ची. तारीख पुढे ढकला असं आम्ही सगळेच म्हणत होतो पण आपापल्या ऑफिसात बसून. तारीख काही एड ऑफिस ठरवत नाही, ॲडमिशनवाले ठरवतात, फायनान्सवाले ठरवतात, शेवटी कॉलेजचा प्रेसिडेंट ठरवतो, आणि आमच्यातला कुणी एकटा जाऊन सांगायला लागला तर त्याचं काम मागे पडलंय म्हणून सबब सांगतोय असंच समोरच्याला वाटणार. तुम्ही असोसिएशनच्या लेटरहेडवर राज्यातल्या प्रत्येक कॉलेजच्या प्रेसिडेंटला सरळ पत्र धाडलंत, एक पानाचं, त्यात तक्रार कमी आणि कॅलेंडर जास्त, फाइल कधी येणार, तपासायला किती दिवस, पत्र मुलाच्या हातात कधी पडणार आणि त्याला विचार करायला किती दिवस उरणार. शेवटच्या ओळीत उरलेले दिवस लिहिले होते आणि त्यावर काही टीका नव्हती. आमच्या डीनने ते पत्र छापून टेबलावर ठेवलेलं मी स्वतः पाहिलंय. देशभर बऱ्याच कॉलेजांनी त्या वर्षी तारीख पुढे नेली, पण आपल्या राज्यात कितीतरी ठिकाणी आधी ते एक पान पोचलं होतं.

कॉन्फरन्सचंही तसंच. ऐन फाइल्स येण्याच्या दिवसांत ती होती, हॉटेलशी करार आधीच झालेला, खोल्या भरल्या नाहीत तर दंड, आणि बोर्डावर काहींचं म्हणणं होतं की रद्द करून मोकळं व्हा. तुम्ही हॉटेलवाल्यांशी बोलून ती उन्हाळ्यात नेलीत, आणि एकट्याने ऑफिस चालवणाऱ्यांची रजिस्ट्रेशन फी संघटनेच्या शिलकीतून भरलीत. त्या पैशावर मी पण आले होते. कॉफीच्या रांगेत बाजूच्या बाईने सांगितलं की ती नोकरी सोडायला निघाली होती. ती अजून आहे.

आता त्या मुलीबद्दल लिहिते, ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून. नर्सिंगला यायचं होतं तिला. जन्म इथला, नागरिक, पण आई ग्वाटेमालाहून आलेली, आईला सोशल सिक्युरिटी नंबर नाही. नव्या फॉर्ममध्ये आई-वडिलांनी स्वतःचं अकाउंट उघडून संमती द्यायची असते आणि नंबर नसलेल्या पालकांना तो फॉर्म सुरुवातीचे महिने पुढे जाऊच देत नव्हता. त्यात आईची आडनावं दोन, मुलीने एका ठिकाणी मध्ये रेघ दिलेली, दुसऱ्या ठिकाणी नाही, एवढ्यावरून मुलीने फॉर्ममधून आईला पाठवलेलं आमंत्रण जुळेना. ओळख पटवायला विचारलेले प्रश्न क्रेडिट हिस्टरीवरचे, आणि त्या बाईच्या नावावर ना कार्ड ना कर्ज. हेल्पलाइनला फोन लावून लावून ती मुलगी थकली. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये जीएओचा, म्हणजे सरकारी कामकाज तपासणाऱ्या काँग्रेसच्या ऑफिसचा, रिपोर्ट आला त्यात दिसलं की पहिल्या पाच महिन्यांत आलेल्या ५४ लाख फोनपैकी ४० लाख उचललेच गेले नव्हते. तेव्हा ते आम्हाला आकड्यात माहीत नव्हतं, आमच्या खुर्चीत बसून ती पोरगी तासन् तास फोन कानाला लावून होती तेवढं दिसत होतं.

मी त्या आठवड्याच्या झूमवर ही केस मांडली. तुम्ही लगेच उत्तर दिलं नाहीत, म्हणालात अजून कुणाकडे आहेत असे, आणि चॅटमध्ये धडाधड हात वर झाले. तुम्ही सगळ्यांकडून नावगाव काढून फक्त अडचण काय आणि कुठल्या स्क्रीनवर, एवढंच लिहून घेतलंत, त्याचे गट केलेत, आणि ती यादी वर नॅस्फाकडे पोचवलीत, नुसतं "फॉर्म चालत नाही" असं नाही तर कुठल्या पानावर, कुठल्या बटणाला, काय मेसेज येतो ते. आणि रात्री मला वेगळा फोन केलात. मराठीत. म्हणालात, "अगं, नाव आणि पत्ता दोन्हीकडे अगदी अक्षरन् अक्षर सारखा टाकायला सांग, अपार्टमेंट नंबरसकट, आणि कागदपत्रं मेल करायची आहेत ती तू स्कॅन करून दे, फोनने काढलेले फोटो परत येतायत." त्या माउलीला मी शेजारी बसवून टाइप करून घेतलं. एकेक अक्षर. पुढे डिपार्टमेंटने ओळख तपासून व्हायच्या आधीच फॉर्म भरू द्यायला सुरुवात केली तेव्हा तिचं सगळं आधीच तयार होतं. मुलीला पूर्ण पेल मिळाली, त्या वर्षीची जास्तीत जास्त म्हणजे ७,३९५ डॉलर, आमच्याकडची वर्षाची फी त्यातच भागली. तिची आई तमाले, म्हणजे त्यांच्याकडचा मक्याच्या पिठाचा पदार्थ, घेऊन आली होती ऑफिसात. त्यातला तुमचा वाटा मी तुम्हाला कधी सांगितलाच नव्हता, म्हणून आज सांगतेय.

मंडळाच्या हॉलमध्ये आपल्या लोकांसाठी तुम्ही घेतलेला तो कार्यक्रम मला तेवढाच महत्त्वाचा वाटतो. "आपलं इन्कम जास्त, आपल्याला काय मिळणार" म्हणून फॉर्मच न भरणारी आपली कितीतरी घरं आहेत. तुम्ही सांगितलंत की मुलाच्या नावावरचं सरकारी लोन, पहिल्या वर्षी ५,५०० डॉलरपर्यंत, इन्कम कितीही असलं तरी मिळू शकतं पण फाफ्सा भरलेला हवा. दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असली की पूर्वी जी सवलत मिळायची ती नव्या सरकारी हिशेबात गेली, हेही तोंडावर सांगितलंत, जुळ्यांचे एक बाबा पुढच्याच रांगेत बसले होते. आणि जे सांगायला सगळ्यात जड, की एच-फोर व्हिसावर, म्हणजे आई-वडिलांच्या वर्क व्हिसामागे, इथे असलेल्या, पुण्याला किंवा नाशिकला जन्मलेल्या मुलांना सरकारी मदत मिळत नाही, ग्रीन कार्ड आलं की मिळते, तोवर राज्याचे आणि कॉलेजचे स्वतःचे नियम बघावे लागतात. खोटी आशा तुम्ही कुणालाच लावली नाहीत. कार्यक्रम संपल्यावर मात्र त्याच घरांजवळ सगळ्यात जास्त वेळ थांबलात, कुठल्या कॉलेजची स्वतःची स्कॉलरशिप आहे ते एकेकाला कागदावर लिहून देत. खालचे लोक हॉल बंद करायला आले तरी.

पास्ट प्रेसिडेंट झाल्यावर लोक जरा निवांत होतात. तुमच्या नशिबी तेही नव्हतं. पुढच्या वर्षीचा फॉर्म टप्प्याटप्प्याने उघडून नोव्हेंबर २०२४ मध्ये सगळ्यांना खुला झाला तोवर धाकधूक, मग मार्च २०२५ मध्ये एज्युकेशन डिपार्टमेंटमधली जवळपास निम्मी माणसं कमी करायचं जाहीर झालं आणि ज्यांना आम्ही वर्षानुवर्षं ईमेल करायचो त्यांचे ईमेल परत यायला लागले. तेव्हा नव्या प्रेसिडेंटच्या बाजूला बसून तुम्ही ते तीन रकाने परत काढलेत आणि बोलू मात्र त्यांनाच दिलंत. हे मी लक्षात ठेवलंय. खुर्ची सोडल्यावर माइक सोडणं फार कमी जणांना जमतं असं माझं मत आहे.

आणि आता ४ जुलै २०२५ ला नवा कायदा सही होऊन आलाय. आई-वडिलांनी मुलासाठी घ्यायच्या पॅरेंट प्लस लोनला वर्षाला २०,००० आणि एका मुलामागे एकूण ६५,००० डॉलरची मर्यादा, पदवीनंतर शिकणाऱ्यांचं ग्रॅड प्लस लोन नव्यांसाठी बंद, छोट्या कोर्सेससाठी वेगळी पेल, हे सगळं १ जुलै २०२६ पासून, म्हणजे पुन्हा नवे नियम, नव्या फाइल्स, काउंटरवर पुन्हा तेच घाबरलेले चेहरे. तुम्ही मला मागे दोनदा विचारलं होतंत की ट्रेनिंग कमिटीवर येतेस का, आणि मी घरचं कारण सांगून टाळत होते कारण तेव्हा घरी खरंच आजारपण होतं. आता येतेय. नव्या प्रेसिडेंटना होय कळवलंय. नवीन लोकांच्या ट्रेनिंगमध्ये सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्या पालकांचा सेशन मी मागून घेतलाय, स्लाइड्स अर्ध्या झाल्यात, रविवारी रात्रीपर्यंत पाठवते. तुमच्या सवयीप्रमाणे लाल रंगात सगळं लिहून परत पाठवा, आणि त्यात त्या स्कॅनचं आणि अपार्टमेंट नंबरचं नीट आलंय का तेवढं आधी बघा.

तुमचीच,
छोट्या कम्युनिटी कॉलेजवाली