आयल ऑफ मॅनची रेस बंद करा म्हणणाऱ्यांना

संपादक महोदय,

ब्रिटनजवळच्या आयल ऑफ मॅन बेटावरच्या टीटी (टूरिस्ट ट्रॉफी) या मोटरसायकल रेसवर बंदी घाला असं दरवर्षी जूनमध्ये कोणीतरी म्हणतंच, आणि खरं सांगायचं तर गाडीवर लावलेल्या कॅमेऱ्याचे (ऑनबोर्ड) व्हिडिओ बघताना माझ्याही पोटात गोळा येतो. साठ किलोमीटरचा साधा गावातला रस्ता, दोनशेच्यावर वळणं, दोन्हीकडे दगडी भिंती, घरांची फाटकं, विजेचे खांब, आणि त्यातून पोरं सरासरी ताशी २१५ च्या वर गाडी हाणतायत! १९०७ पासून रेस चालू आहे, त्या रस्त्यावर अडीचशेच्यावर रायडर गेले, एकट्या २०२२ च्या रेसनं सहा जणांचा बळी घेतला. रेसर डनलॉप घराण्याचंच बघा ना, जोई २००० मध्ये गेला, भाऊ रॉबर्ट २००८ मध्ये, रॉबर्टचा मुलगा विल्यम २०१८ मध्ये, तिघंही टीटीत नव्हे तर दुसऱ्या रोड रेसमध्ये, आणि विल्यमचा भाऊ मायकल अजून टीटी जिंकतोय. आता याला बंदीची भीती काय दाखवणार?

माझं मत, बंदी नको. रस्ता रीतसर बंद असतो, उतरणारा सज्ञान असतो, दहा-दहा सेकंदांनी एकेकाला सोडतात. पण २००७ मध्ये दोन प्रेक्षक गेले, त्यांनी कुठे रायडरसारखी जोखीम पत्करल्याची सही केली होती? प्रेक्षकांना वळणांपासून लांब ठेवा, तिथे अजिबात सूट नको. आणि आमच्या गल्लीत रात्री बाराला सायलेन्सर काढून बुंगाट जाणाऱ्यांनी टीटीचं नाव घेऊ नये, टीटीच्या बंद रस्त्यावर समोरून दूधवाला येत नाही.

आपला,
एक बाईकवेडा वाचक, पुणे